कॅबिनेट जुने चालेल, एसएमपीएस नवाच हवा

दुकानाच्या हिशेबासाठी पहिला संगणक स्वतः जोडू पाहणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जुने कॅबिनेट भंगारात घालू नये. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे माप ठरवले. त्या मापाच्या कॅबिनेटमध्ये आजचा एटीएक्स मदरबोर्डही बसतो. त्याआधीचे एटी कॅबिनेट मात्र घेऊ नये. त्याची मागची बाजू जुळत नाही. कॅबिनेट म्हणजे शेवटी पत्रा. गंजला नसेल तर वर्षानुवर्षे टिकतो. एसएमपीएसचे तसे नाही. त्यातले कपॅसिटर काळाने सुकतात आणि तो बिघडला तर मदरबोर्डही जळू शकतो. म्हणून पत्र्यावर वाचलेला पैसा चांगल्या एसएमपीएसवर घालावा. काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे धंदेवाल्या माणसाला वेगळे सांगायला नको.