हत्तीपायाची ऑनलाइन तपासणी: तयारी कुणी करायची?

पोस्ट लांब आहे, पण घरात किंवा शेजारी कुणाचा पाय सुजलेला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

चंद्रपूर-गडचिरोलीत हत्तीपाय काही नवा नाही. सिंदेवाही, मूल, सावलीपासून थेट सिरोंच्यापर्यंत अशी माणसं दिसतात. आता त्यांना सांगितलं जातं, "नागपूरला जायची गरज नाही, उपकेंद्रात बसून मोठ्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोला." ई-संजीवनी २०१९ पासून आहे. सोय चांगलीच आहे, माझा विरोध नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथल्या माणसाला मोबाईलवरचा डॉक्टरही मोलाचा.

माझं भांडण वेगळं आहे. या तपासणीची सगळी तयारी पेशंटच्या गळ्यात मारली जाते. पायाचे फोटो काढून आणा, माप घेऊन या, आधी कधी ताप आला ते लिहून आणा. म्हणजे जी बाई दिवसभर बांधीत रोवणी करते, जिच्याकडे साधा फोन आहे, जी घरात माडिया बोलते, तिने हे सगळं करायचं!

या आजारात नुसतं बघून भागत नाही. अंगठ्याने सूज दाबून खड्डा पडतो का ते बघावं लागतं. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येते का ते तपासावं लागतं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या किंवा भेगा आहेत का, ते बोटं फाकवून पाहावं लागतं, कारण जंतू तिथूनच शिरतात आणि मग थंडी-तापाचा झटका येतो. स्क्रीनवरचा डॉक्टर यातलं काय करणार? त्यासाठी पेशंटजवळ कुणाचे तरी शिकलेले हात लागतात.

आणि हे मी मनाचं सांगत नाही. टेलिमेडिसिनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. पेशंट आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरशी जोडला जातो तेव्हा आधी त्या कर्मचाऱ्याने माहिती घ्यायची, पेशंटला तपासायचं आणि मग डॉक्टरला सांगायचं, हे त्यात आहे. नियम कागदावर आहे, मग उपकेंद्रात का नाही?

कुणी म्हणेल, एका सीएचओने काय काय करायचं? बरोबर आहे, तिच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. म्हणून तर मागणी सरकारकडे आहे, तिच्याकडे नाही. एक दिवसाचं प्रशिक्षण द्या, शिंप्याची टेप द्या, एक पडदा द्या. हो, पडदा. दार सताड उघडं, बाहेर गावातली माणसं बसलेली, आणि बाईने कॅमेऱ्यासमोर लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायचं? ती पुन्हा येणार नाही, आणि दोष मात्र तिलाच लागणार.

तोवर आपण काय करायचं? आशाताईंच्या किंवा घरच्या शिकलेल्या पोराच्या मदतीने एवढं करा:

• दोन्ही पायांची मापं घ्या: पाऊल, घोटा, घोट्यापासून दर १० सेंटीमीटर वर. दर वेळी तीच जागा, तीच वेळ. संध्याकाळी सूज वाढते, म्हणून सकाळ बरी. तारीख लिहा. एकट्या मापाला अर्थ नाही, मागच्याशी तुलना झाली तरच कळतं.
• झोपून उठल्यावर सूज उतरते का, ते सांगा.
• वर्षभरात पाय लाल होऊन ताप किती वेळा आला, ते सांगा. सण, रोवणी, कापणी यांवरून आठवलं तरी चालेल.
• शुगर, बीपी, चालू गोळ्या सांगा. पाकिटंच सोबत न्या.
• पाय धुऊन, कोरडा करून जा. कसलाही लेप लावू नका.

पाय लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर व्हिडिओची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. एकच पाय अचानक सुजला किंवा दम लागला तरी तसंच.

देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलंय. त्यासाठी गोळ्या वाटल्या जातात, आणि त्या घ्यायलाच हव्यात, त्याने पुढचा प्रसार थांबतो. पण वाढलेला पाय त्या गोळ्यांनी उतरत नाही. त्याला रोजचं साबण-पाणी, कोरडं पुसणं, मलम, पाय उंच ठेवणं आणि नियमित तपासणी लागते. टब, मग, टॉवेल, साबण, मलम असलेला किट या पेशंटांसाठीच असतो. गोळ्या किती वाटल्या याचे आकडे पेपरात येतात. किती पायांचं माप दुसऱ्यांदा घेतलं गेलं, हा आकडा कुणी मागतं का?

पुढच्या ग्रामसभेत मागा. आपल्या उपकेंद्रात हत्तीपायाचे पेशंट किती, किट किती जणांना मिळाला, टेप आणि पडदा आहे का. तीनच प्रश्न. उत्तर लेखी घ्या.