विज्ञानाची परीक्षा कीं स्मरणशक्तीची ?

आठव्या इयत्तेंत शिकणाऱ्या गरीब पण हुशार मुलांकरितां मध्यवर्ती सरकारनें २००८ सालीं जी शिष्यवृत्ति सुरू केली, तिची परीक्षा आपल्या राज्यांत पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेत असते. ज्या पालकांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लक्ष रुपयांहून अधिक नाहीं आणि ज्यांचीं मुलें सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या किंवा अनुदानित शाळांत शिकतात, त्यांच्याच मुलांना या परीक्षेस बसतां येतें. निवड झालेल्या मुलास नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षीं १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत मिळून ४८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या वांट्यास अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या आलेल्या आहेत. विंचूरच्या एखाद्या खळ्यावर कांदा निवडून पोट भरणाऱ्या बाईच्या मुलीस हे ४८,००० रुपये म्हणजे दहावीनंतर शाळा सुटणार कीं चालू राहणार, याचा निकालच होय. म्हणून ही परीक्षा कशा रीतीनें घेतली जाते, हा प्रश्न एकट्या शिक्षकांवर सोंपवून चालणार नाहीं. विंचूरच्या पेठेंतील प्रत्येक विचारी गृहस्थानें त्यांत लक्ष घालणें जरूर आहे, असें आम्हांस वाटतें.

या परीक्षेंत नव्वद नव्वद प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिलींत बुद्धीची चांचणी होते व दुसरींत शाळेंत शिकविलेल्या विषयांची. दुसरींतील ३५ प्रश्न विज्ञानाचे असून त्यांची वांटणी पदार्थविज्ञान ११, रसायनशास्त्र ११ व जीवशास्त्र १३ अशी केलेली आहे. प्रत्येक प्रश्नास चार उत्तरें छापलेलीं असतात, त्यांतील बरोबर तें मुलानें दाखवावयाचें. या पद्धतीचा एक मोठा गुण आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. तपासणाराचा हात येथें मध्यें येत नाहीं. पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांस एकाच मापानें गुण मिळतात. ज्या देशांत शतकानुशतकें विद्येचें दार जात पाहून उघडलें व मिटलें गेलें, तेथें हा गुण लहान नव्हे.

परंतु माप सर्वांस सारखें असलें म्हणजे मोजावयाची वस्तूहि योग्यच मोजली जाते असें नाहीं. ‘पेशीचा शोध कोणीं लावला ?’ या प्रश्नाचें ‘रॉबर्ट हूक’ हें उत्तर, किंवा ‘कोणत्या सालीं ?’ याचें ‘१६६५’ हें उत्तर, ज्यानें जन्मांत एकहि पेशी पाहिली नाहीं असा मुलगासुद्धां बिनचूक देऊं शकतो. गाइडांतील दोनशें प्रश्न घोकून घ्यावे आणि परीक्षेच्या दिवशीं ओळखीचा शब्द दिसला कीं त्यावर खूण करावी, एवढ्यानें अशा प्रश्नांचें काम भागतें. परीक्षेंत जें विचारलें जाईल तेंच वर्गांत शिकविलें जातें, हा व्यवहाराचा नियम आहे. त्याबद्दल शिक्षकांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. प्रश्नपत्रिकेनें शब्द मागितले तर शाळा शब्द पुरवील, आणि समज मागितली तर आज ना उद्यां समज पुरविण्याच्या खटपटीस लागेल.

आणि विज्ञान समजून घेण्यास साधनांची कोठें वाण असेल तर ती विंचुरास खास नाहीं. कांद्याचेंच घ्या. वनस्पतीची पेशी पाहण्याकरितां साऱ्या जगांतील शाळा कांद्याचा पातळ पापुद्रा घेतात, त्यावर आयोडिनाचा थेंब टाकतात आणि तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरतात. भिंतींत विटा रचाव्या तशा पेशी आणि प्रत्येकींतील केंद्रकाचा ठिपका त्यांत स्पष्ट दिसतो. जो कांदा विंचूरच्या उपबाजारांत ट्रॅक्टरांनीं ओतला जातो, त्याचा पापुद्रा आठवीच्या मुलानें यंत्राखालीं एकदांहि पाहिलेला नसावा, ही गोष्ट कोणत्याहि गांवास शोभण्यासारखी नाहीं.

द्राक्षाच्या बागांकडे वळूं. केवडा रोग आटोक्यांत ठेवण्यासाठीं बागाइतदार मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण करतो. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना हें त्याचें नेहमींचें प्रमाण. मिश्रण तयार झालें म्हणजे जाणता माणूस त्यांत स्वच्छ विळा क्षणभर बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळें उरलें आहे, पानें करपतील, चुन्याची निवळी आणखी घातली पाहिजे, असें तो ओळखतो. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारांतून हुसकून त्याची जागा घेतें, हा पाठ्यपुस्तकांतला नियम बाप बागेंत रोज वापरीत असतो. आणि मुलगा तोच नियम शाळेंत एका समीकरणाच्या रूपानें पाठ करतो. दोघांची गांठ मात्र पडत नाहीं. वाईन पार्कांतील कारखान्यांत द्राक्षाच्या साखरेपासून यीस्ट मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतें. मद्यपानाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो, त्या वायूनें चुन्याची निवळी दुधाळ होते व जळती काडी विझते, हें मुलांस समजण्यांत कोणाच्याहि धर्माची हानि नाहीं.

आतां व्यापाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न. एप्रिलमध्यें चाळींत भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या सुमारास काढला म्हणजे वजनांत भरपूर घट येते. हें वजन कोठें गेलें ? कांहीं पाणी वाफ होऊन उडालें. कांदा सजीव असल्यामुळें त्याचा श्वासोच्छ्वास चालू होता, त्यांत त्याची कांहीं साखर खर्च झाली. कांहीं कांदे बुरशीनें सडले, कांहींना कोंब आले. चाळीचा तळ जमिनीपासून उंच आणि फटींचा कां करतात ? कारण आंतली ऊन, दमट हवा वर चढून निघून जाते व खालून कोरडी हवा तिच्या जागीं येते. शेजारच्या लासलगांवीं भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं जें ‘कृषक’ नांवाचें विकिरण केंद्र उभें केलें, तेथें कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनीं कांद्याचे कोंब कसे थांबतात ? कोंबाच्या टोंकाशीं ज्या पेशींची वाढ व्हावयाची, त्यांची विभागण्याची शक्तीच ते किरण नाहींशी करतात. त्याच केंद्रांतून निघालेला आंबा २००७ सालीं अमेरिकेच्या बाजारांत गेला. जीवशास्त्र, रसायन आणि पदार्थविज्ञान हीं तिन्ही शास्त्रें कांद्याच्या एका घटींत अशीं एकत्र नांदत आहेत. हा प्रश्न ज्या मुलास सोडवितां येईल त्यास विज्ञान येतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा रोग एकट्या विंचूरचा नाहीं. ४ डिसेंबर २०२४ रोजीं देशभर झालेल्या ‘परख’ पाहणींत नववीच्या मुलांना विज्ञानाचीं शंभरांतील सुमारें चाळीसच उत्तरें बरोबर देतां आलीं. निम्म्याहून अधिक प्रश्न चुकत असतील, तर पाठांतराचा मार्ग पाठांतराच्या फळासहि पुरा पडत नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

यावर उपाय नाहीं असें कोणी म्हणेल तर तो इतिहास विसरतो. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा ग्रामीण शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं प्रयोगांवर आधारलेलें विज्ञानशिक्षण सुरू झालें. १९७८ सालीं तें साऱ्या जिल्ह्यांत पसरलें. तेथील परीक्षेस मुलांनीं पुस्तक व वही उघडी ठेवून बसावें अशी मुभा होती, आणि लेखी परीक्षेबरोबर हातानें प्रयोग करून दाखविण्याचीहि परीक्षा असे. पुस्तक उघडें असतांना पाठांतराचा उपयोग शून्य होतो, हें उघडच आहे. २००२ सालीं सरकारनें तो उपक्रम बंद केला, तरी तीस वर्षें साध्या खेडेगांवांतील शाळांनीं तो चालवून दाखविला, हें कोणास पुसतां येणार नाहीं. आपल्याकडे मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनें १९८१ पासून सहावी व नववीकरितां होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली आहे. तींत लेखी परीक्षेनंतर प्रयोग, प्रकल्प व मुलाखत असे टप्पे असतात. मात्र प्रयोगाच्या मेजापर्यंत लेखींत निवडलेलीं थोडींच मुलें पोंचतात. स्पर्धेचा हेतु निवडण्याचा, तेव्हां त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु शाळेचा हेतु सर्वांस शिकविण्याचा आहे.

भाषेचा मुद्दाहि येथेंच सांगितला पाहिजे. मुंबईस १९७४ सालीं स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें आपल्या आरंभीच्या काळांत जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा भागांतील शाळांत काम केलें. विज्ञानाच्या पुस्तकांची बोजड भाषा हाच कित्येक मुलांच्या वाटेंतला धोंडा आहे, असें तेथील अभ्यासकांचें म्हणणें होतें. ‘बाष्पीभवनाचा दर कोणत्या घटकांवर अवलंबून असतो ?’ असें विचारलें तर जी मुलगी गप्प बसेल, तीच ‘ओलें लुगडें कोणत्या दिवशीं लौकर वाळतें व कां ?’ असें विचारल्यास ऊन, वारा आणि हवेंतील ओल या तिन्हींचें वर्णन करील. अशा वेळीं नापास कोणास म्हणावें, मुलीस कीं प्रश्न काढणारास ?

कांहीं मंडळी म्हणतील, ‘हातानें करावयाच्या परीक्षेंत वशिला शिरेल, खर्च वाढेल आणि आधींच कामाच्या ओझ्याखालीं वांकलेल्या शिक्षकांवर आणखी ओझें पडेल.’ हे आक्षेप खोटे नाहींत. वशिल्याच्या भयास्तव शिष्यवृत्तीची राज्यव्यापी परीक्षा छापील उत्तरांचीच राहावी, असें आम्हीहि म्हणतों. परंतु चार पर्यायांच्या प्रश्नांतहि समज तपासतां येते. ‘बोर्डो मिश्रणांत बुडविलेल्या विळ्यावर तांबूस थर आला, तर मिश्रणांत काय करावें ? चुन्याची निवळी घालावी, मोरचूद घालावें, मिश्रण तापवावें, कीं कांहीं करूं नये ?’ हा प्रश्न यंत्रानें तपासतां येतो, आणि घोकून मात्र सुटत नाहीं. ३५ प्रश्नांपैकीं निदान एक तृतीयांश प्रश्न अशा धर्तीचे, सोप्या मराठींत काढण्याची मागणी परीक्षा परिषदेकडे शिक्षकांनीं व पालकांनीं एकमुखानें करावी.

दुसरें काम पुण्याकडे न पाहतां येथेंच करतां येईल. विंचूर-लासलगांव पंचक्रोशींतील शाळांनीं मिळून आठवीच्या सर्व मुलामुलींची वर्षांतून एकदां सामाईक हस्तपरीक्षा घ्यावी. तीन मेजें मांडावीं. पहिल्यावर कांद्याचा पापुद्रा यंत्राखालीं लावून जें दिसलें त्याचें चित्र काढावयाचें. दुसऱ्यावर नांव न लिहिलेल्या चार वाट्यांत लिंबाचा रस, मिठाचें पाणी, धुण्याच्या सोड्याचें पाणी व चुन्याची निवळी ठेवून, हळदीच्या कागदानें त्यांतील अल्कधर्मी कोणतें तें ओळखावयाचें. तिसऱ्यावर एक तागडी ठेवावी आणि तिच्या दांडींत खोट आहे किंवा नाहीं, तें माल व वजन यांचीं पारडीं बदलून सिद्ध करावयास सांगावें. (या शेवटच्या प्रयोगास कांहीं दुकानदार हजर राहिल्यास त्यांचीहि करमणूक होईल.) शिक्षकांनीं आपल्याच मुलांस तपासूं नये, एकमेकांच्या शाळेंत जावें, म्हणजे पक्षपाताचा संशय उरणार नाहीं. निकालाची क्रमवारी लावूं नये. जें मुलांस आलें नाहीं तें पुन्हां शिकवावें, एवढाच त्या निकालाचा उपयोग करावा.

राहिला खर्चाचा प्रश्न. हळद, चुना, लिंबू आणि तागडी यांस किती पैसे लागतात तें दुकानदारांस सांगावयास नको. सूक्ष्मदर्शक यंत्र तेवढें विकत घ्यावें लागेल. मनु प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें अमेरिकेंत तयार केलेलें कागदी घडीचें यंत्रहि आतां अल्प किंमतींत मिळतें. उत्सवांच्या वर्गणीस हात आंखडता न घेणाऱ्या विंचूरच्या व्यापारी, अडते व बागाइतदार मंडळींनीं एका हंगामांत मनावर घेतलें, तर प्रत्येक शाळेस एकेक चांगलें यंत्र देणें त्यांस जड जाऊं नये. हें दान धर्मादाय समजण्याचेंहि कारण नाहीं. चाळींतील घट, बागेवरील केवडा आणि परदेशीं माल पाठवितांना लागणारी तपासणी, यांचें गणित उद्यां याच मुलांनीं सोडवावयाचें आहे.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करितांना महात्मा जोतीराव फुले यांनीं, खेड्यांतील शाळांत शेतकीचें प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम शिकवावे, अशी मागणी केली होती. ज्ञान हें कष्ट करणाऱ्याच्या हाताशीं जोडलें गेलें पाहिजे, हा तिचा आशय. आज शाळा आहेत, पुस्तकें आहेत, शिष्यवृत्त्याहि आहेत. तो जोड मात्र अद्याप राहून गेला आहे. येत्या परीक्षेपूर्वीं पंचक्रोशींतील मुख्याध्यापक व बाजारपेठेंतील चार प्रमुख गृहस्थ यांनीं एकत्र बसून या कामाचा आरंभ करावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.