स्लॅबच्या आधी कागद

तळोजा पाचनंदच्या गावठाणात आमच्या आजोबांचं कौलारू घर होतं. ते पाडून अब्बांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये पाया भरला. जोतं वर आलं, कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या आणि काम तिथंच थांबलं. दोन पावसाळे त्या सळया भिजल्या. अब्बांनी त्यांना सिमेंटचं पाणी लावलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं, तरी गंज धरायचा तो धरलाच. या काळात आम्ही दोन स्टेशनं पलीकडे महिना १६ हजार भाड्याच्या घरात राहत होतो.

काम पैशांसाठी थांबलं नव्हतं. ते थांबलं कागदासाठी. आपल्यातले बरेच जण सध्या गावची जागा बांधू, नाहीतर पनवेलच्या पुढे एखादा प्लॉट घेऊ, या विचारात आहेत. म्हणून घरातली गोष्ट बाहेर सांगते आहे.

अब्बा २१ वर्षं कुवेतला होते. कर्ज काढायचं नाही आणि व्याज द्यायचं नाही, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. मी मुफ्ती नाही, त्यामुळे गृहकर्ज जायज की नाजायज यावर बोलणार नाही. हिशोब मात्र करू शकते. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण २६ हजार होतो आणि एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरावे लागतात. म्हणजे एक घर आपल्यासाठी आणि त्याहून थोडं मोठं बँकेसाठी. हा आकडा पाहून धर्म बाजूला ठेवला तरी माणूस दचकतो. आपल्याकडे बिनव्याजी इस्लामी बँकिंगची वाट रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बंद केली. तेव्हा उरतं काय? आखाताचे पैसे, अम्मीचे दागिने, भिशी आणि नातेवाइकांकडून कर्जे-हसना. आमचं जोतं याच चार गोष्टींवर उभं राहिलं.

पण बँक टाळताना आणखी एक गोष्ट टळते आणि ती कोणी सांगत नाही. बँक पैसे देण्याआधी संशय घेते. तिचा वकील ३० वर्षांचा सर्च काढतो, जमीन कोणाची, वारस किती, मोजणी झाली का, बांधकामाची परवानगी आहे का, हे सगळं विचारतो. पैसेही एकदम मिळत नाहीत. जोत्याला एक हप्ता, स्लॅबला दुसरा, प्रत्येक वेळी माणूस येऊन पाहून जातो. आपल्याला हा त्रास वाटतो. खरं म्हणजे तो व्याजाच्या पोटात गुपचूप मिळणारा पहारा असतो. ज्याला बँक नको, त्याने हा संशय वेगळे पैसे मोजून विकत घ्यावा. वकिलाला आणि मोजणीला मिळून जो खर्च येतो, तो एका स्लॅबच्या सळयांपेक्षा कितीतरी कमी असतो. अब्बांनी तो केला नाही. 'आपल्याच बापाची जागा, सर्च कसला?' असं ते म्हणाले होते.

नवी मुंबईत 'आपल्या बापाची जागा' हे वाक्य जपूनच उच्चारावं. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आजोबांचा तो भूखंड घरात लग्नं निघाली तसा एका बिल्डरला विकला गेला. तेव्हा मिळालेल्या रकमेत आज त्याच जागी पार्किंगही येणार नाही, पण तो विषय वेगळा. शहरातले बाकीचे भूखंड सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. म्हणजे सेक्टरमध्ये जो 'मालक' आहे, तोही जमिनीपुरता पट्टेदारच. स्वतःच्या हाताने घर बांधता येईल अशी जागा सर्वसाधारण माणसाला उरली ती गावठाणात, जुन्या घराच्या चौथऱ्यावर.

आणि गावठाणात कागद सगळ्यात कच्चा असतो. अनेक ठिकाणी मिळकत पत्रिकाच नाही. घरपट्टीची पावती आणि लाइटबिल एवढ्यावर तीन पिढ्या सुखाने नांदतात. घरपट्टीवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज तर घरोघरी आहे. घरपट्टी हा कर आहे. तो कोण भरतं एवढंच पावती सांगते, जागा कोणाची ते सांगत नाही. प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करण्याचे सरकारी निर्णय निघतात, पुन्हा सुधारले जातात, निवडणुकीच्या तोंडावर त्यांची चर्चा वाढते. त्या भरवशावर नवं जोतं घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडे पावती दादांच्या, म्हणजे आजोबांच्या नावावर होती. दादा २००९ मध्ये वारले, दादी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे अब्बा, चाचा आणि दोन फुफ्या. जागा १,२०० चौरस फूट. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एकूण सहा वाटे. अब्बांचे ४००, चाचांचे ४००, दोन्ही फुफ्यांचे प्रत्येकी २०० चौरस फूट. हा हिशोब करायला पाचवीचं गणित पुरतं, पण १५ वर्षांत तो आमच्या घरात कोणी केला नव्हता.

चाचा पुण्यात स्थायिक झाले होते. त्यांनी ईदला दोन साक्षीदारांसमोर 'माझा वाटा भाईला दिला' असं सांगून टाकलं. हा तोंडी हिबा. कायद्यालाही तो मान्य आहे. देणाऱ्याने जाहीर करावं, घेणाऱ्याने स्वीकारावं, ताबा द्यावा, की मुसलमानांपुरता तो नोंदणीशिवाय पुरा होतो. पण कायद्याला मान्य असणं वेगळं आणि परवानगीच्या खिडकीवर चालणं वेगळं. तिथे नोंदणी केलेला कागदच विचारतात, आणि साक्षीदारांपैकी एक तोवर अल्लाला प्यारे झाले होते. नशीब, चाचा हयात आहेत. ते आले आणि दुय्यम निबंधकांसमोर हक्कसोडपत्र करून दिलं. वडिलार्जित मिळकतीत भावाने भावाच्या लाभात मोबदला न घेता हक्क सोडला, तर मुद्रांक शुल्क काही शे रुपयांचंच असतं. माझी विनंती एवढीच, की घरात हिबा झाला असेल तर बोलणारी माणसं जिवंत असताना तो कागदावर आणा.

फुफ्यांचं तसं सोपं नव्हतं. पाया भरताना त्यांना कोणी विचारलंच नाही. दावतीला बोलावलं होतं, त्या आल्या, दुआ करून गेल्या. दीड महिन्याने मोठ्या फुफीच्या मुलाने वारस म्हणून हरकतीचा अर्ज दिला आणि काम थांबलं. घरात सगळे त्याच्यावर तुटून पडले. मीही. 'इतकी वर्षं काही बोलले नाहीत, आता सळया दिसल्या तेव्हा आठवण झाली,' असं मी तोंडाने म्हटलेलं आहे. मोहल्ल्यातून सल्ले आले. सर्वात जास्त वेळा आलेला सल्ला असा: दोघींना उमऱ्याचं तिकीट काढून द्या, सही करतील.

हा सल्ला देणारे वाईट लोक नव्हते, आणि म्हणूनच मला तो जास्त लागला. हक्कसोडपत्र स्वस्त आहे, ही चांगली सोय आहे. तीच सोय बहिणींना नागवण्यासाठी रोज वापरली जाते, आपल्यात आणि इतर समाजांतही. माहेर तुटू नये म्हणून बाई सही करते आणि आपण त्याला तिचं मोठं मन म्हणतो. आमच्या धाकट्या फुफीने अब्बांना एकच विचारलं, "भाई, मी कधी मागितलं नाही, पण म्हणून ते माझं नव्हतं असं कधी ठरलं?"

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. व्याज हराम म्हणून २१ वर्षं बँकेच्या दारात न गेलेला हा माणूस. त्याने बहिणींचे ४०० चौरस फूट न विचारता जोत्याखाली घेतले होते, आणि त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. सूरह निसामध्ये वाटे अपूर्णांकांसकट दिलेले आहेत. व्याजाच्या बाबतीत आपण जेवढे काटेकोर असतो, त्याच्या निम्मे जरी या अपूर्णांकांच्या बाबतीत असतो, तर हरकतीच्या अर्जाची वेळ आली नसती. हे मी अब्बांना त्यांच्यासमोर सांगितलं आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. बँकेच्या वकिलाने हाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता, धर्माशी काही देणंघेणं नसताना.

शेवटी मोठ्या फुफीने रक्कम घेतली, तीन हप्त्यांत. त्या कागदावर मोबदला स्पष्ट लिहिला, त्यामुळे मुद्रांक जास्त लागला, पण खोटं लिहायचं नव्हतं. धाकटीने पैसे नाकारले. तिला नाव हवं होतं. आता नकाशा अब्बा आणि फुफी दोघांच्या नावाने आहे.

बाहेर विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. गावठाणातल्या चार-पाच मजली इमारतीत नोटरीच्या कागदावर खोली मिळते, स्वस्त मिळते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. स्थावर मिळकतीचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१५ मध्ये दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला, तेव्हा आत राहणाऱ्यांकडेही पैसे दिल्याच्या पावत्या होत्या. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या शहाबाज गावात इमारत कोसळून तिघे गेले. पनवेलच्या पुढे एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकतात, तिथे तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, आणि जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदीत सवलत जाहीर केली, म्हणून एजंट आता जोरात आहेत. एजंटचं ऐकण्याआधी सातबारा आणि फेरफार स्वतः वाचा. आणि घर घेताना ते बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. निदान त्या एका टक्क्यासाठी तरी बहिणींची, बायकांची नावं कागदावर येऊ द्या.

सिडकोची घरं का नाही, असं कोणी विचारेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना निघाली तेव्हा माझ्या भावाने अर्ज भरायला घेतला होता. तळोज्यातलं सर्वात लहान घरही २५ लाखांच्या आसपास, आणि ते घ्यायचं तर पुन्हा कर्जच. भाड्याच्या घराचं म्हणाल, तर एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो आणि मग 'सोसायटीचा प्रॉब्लेम आहे' सांगतो, हे आपल्यापैकी कोणाला नवीन नाही. स्वतःच्या घराची आपली घाई तिथून येते. ती घाई मला समजते, पण कच्चा कागद त्याच घाईत गळ्यात पडतो.

बांधकामाच्या खर्चाबद्दल थोडं. तीन ठेकेदारांनी आम्हाला तीन दर सांगितले: चौरस फुटाला १,७५०, २,१०० आणि २,५००. अब्बांनी पहिला पकडला. खोदून विचारल्यावर कळलं, त्यात प्लास्टरपर्यंतच काम होतं. दारं-खिडक्या, लाद्या, वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, शौचाची टाकी, सगळं वेगळं. ते धरलं तर दर २,२५० च्या पुढे गेला, म्हणजे मधलाच ठेकेदार स्वस्त होता. दर विचारू नका, दरात काय काय येतं त्याची यादी लिहून घ्या. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतचा, जमीन मऊ. पायाआधी माती तपासून घ्यायला इंजिनिअर सांगतो तेव्हा तो पैसे उकळत नसतो. वाळू खाडीची नको. तिच्यातलं मीठ आतून सळया खातं. आणि कॅलेंडर पाहा: दिवाळीनंतर सुरुवात केली तर जूनच्या आधी स्लॅब पडतो आणि पाणी मारायला दिवस मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दीड वर्ष काम बंद राहिल्याचा आम्हाला झालेला हा एकमेव फायदा.

इंजिनिअरने गंजलेल्या सळया तपासल्या. काही घासून चालतील, चार कॉलमच्या कापून नव्या जोडाव्या लागतील. परवानगीची फाइल गेली आहे. धाकट्या फुफीने तिच्या खोलीला पूर्वेची खिडकी मागितली आहे. तिथे शेजाऱ्याची भिंत चार फुटांवर येते, म्हणून नकाशा परत इंजिनिअरकडे गेला आहे. अब्बा रोज सकाळी दुकानदाराला फोन करून सळईचा भाव विचारतात.