साय फुकटची नसते

मंडळी, "दूध डेअरीला घालू नका, साय काढा, तूप विका, दुप्पट पैसे" असा व्हिडिओ या महिन्यात मला चौघांनी पाठवला. चौघांनाही एकच विचारलं, साय काढल्यावर खाली उरलेल्या दुधाचं काय केलं? एकाचंही उत्तर आलं नाही.

मी स्वतः हे करून बसलोय, म्हणून बोलतो. महिनाभर एचएफ गायीचं रोज ५ लिटर दूध घरी ठेवलं. तापवायचं, गार करायचं, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी साय. आठवड्याची साय साठली की विरजण, घुसळण, लोणी धुणं, कढवणं. महिन्याला १५० लिटर दूध गेलं आणि तूप निघालं ३ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे किलोला ४४ लिटर!

३.५ फॅटच्या लिटरभर दुधात ३६ ग्रॅम फॅट असतं. १५० लिटरचं झालं ५ किलो ४०० ग्रॅम. मग वरचे दोन किलो कुठं गेले? काही सायीखालच्या दुधातच राहिलं, थोडं ताकात गेलं, थोडं बेरीला चिकटलं. हातानं काढलेल्या सायीत सगळं फॅट कधीच येत नाही. सेपरेटर खाली ०.१ टक्क्याच्या आसपासच ठेवतो, पण तो पाच लिटरवाल्याच्या घरात कुठून असणार? आणि पिशवीतल्या होमोजिनाइज्ड दुधाला जाड साय धरतच नाही, त्यामुळं शहरातल्या पाहुण्यानं सांगितलेला हिशेब तर सोडूनच द्या.

आता पैसे. लिटरला ३० रुपये धरले तरी ४४ लिटरचे १३२० झाले. व्हिडिओवाला इथं म्हणेल, दूध शिल्लक आहे की. आहे ना! पण ते डेअरीत घालून बघा. दर ठरतो ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला, आणि फॅट पडलं की पॉइंटला पैसे कापतात. गावात दही-ताकाला रोजचं गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी, तो माणूस खरंच कमावतो. आमच्याकडं ते दूध निम्मं घरात आणि निम्मं कालवडीला गेलं.

(काहीजण वरची साय काढून तेच दूध कॅनमध्ये ओततात. फॅट गेलं की लॅक्टोमीटर वर चढतो, मग पाण्याचा मोह होतो. पकडलं गेलं की शिव्या मशिनला.)

म्हशीचं बरं पडतं. ७ फॅटला लिटरमागं ७२ ग्रॅम, शिवाय फॅटचे कण मोठे, साय जाड येते. पण तिच्या दुधाला डेअरी फॅटवरच पैसे देते, म्हणजे तीही साय तुम्ही विकत घेऊनच खाताय.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. या कुठल्याच हिशेबात बाईचा वेळ नाही. माझ्या वहीत रोजचा पाऊण तास आणि दर आठवड्याला घुसळायला-कढवायला दोन तास, असे महिन्याला तीस तास निघाले. रानात गेली असती तर चार रोज भरले असते. ३०० रुपये रोजानं १२०० रुपये, म्हणजे किलो तुपामागं साडेतीनशे. गॅस वेगळाच. एवढं करून गिऱ्हाईक म्हणतं, "घरचंच आहे की, सातशेला द्या." घरचं म्हणजे फुकटचं हे त्याला आपणच शिकवलंय, दादा.

घरात चहा-पाण्याला दोन लिटर दूध राहतं, त्याची साय जरूर काढा, पोरांना तूप घाला. सुट्टीचं, न गेलेलं दूधही घ्या. पण ३.५ फॅटचं दूध डेअरीतून काढून "तुपाचा धंदा" करणार असाल तर आधी ताकाचं गिऱ्हाईक शोधा.

मी गायीचं दूध परत डेअरीत सुरू केलंय. ज्यांनी वही ठेवलीय त्यांनी खाली आकडे टाका: किती लिटर, किती फॅट, किती तूप. आणि घुसळायला कोण बसलं होतं तेही लिहा.