संगणक मोडीत काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली आणि कित्येक धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. शुक्रवार पेठेतील आमच्या घरचे यंत्र त्यांतलेच. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते; आमच्या यंत्रात रॅम २ गिगाबाइट, टीपीएमचा तर पत्ताच नाही.

म्हणून ‘पपी लिनक्स’ चालवून पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आरंभिलेली ही मुक्त प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू होऊन रॅममध्येच नांदते. मूळ डिस्कला हात लावावा लागत नाही. न रुचल्यास पेन ड्राइव्ह काढावा, जुने बिऱ्हाड जागच्या जागी! वेग समाधानकारक वाटला. मात्र चार-सहा संकेतस्थळे एकदम उघडली की यंत्र धापा टाकते, हे लपविण्यात अर्थ नाही.

खरी अडचण निराळीच निघाली. घरातील जुन्या प्रश्नपत्रिका आणि अर्ज युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले. येथे ते निरर्थक रोमन अक्षरे होऊन उमटले. तो फाँट नसेल तर विंडोजवरही हीच गत होते, तेव्हा दोष लिनक्सच्या माथी मारता येत नाही. केरळने शाळांतून मुक्त प्रणाली रुजविली. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह ‘बॉस’ दिली. प्रणालींचा तुटवडा नाही. सोलापुरातील शाळा-कचेऱ्यांनी आधी आपले जुने मराठी दप्तर युनिकोडमध्ये उतरविण्यास घ्यावे आणि तोवर जुनी यंत्रे भंगारवाल्याच्या हवाली करू नयेत.