मध्यस्थ आणि उदासीन

गीताजयंतीच्या पुण्यदिनी घरोघरी गीतापाठ होईल. सहाव्या अध्यायातील नववा श्लोक म्हणताना 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' या दोन शब्दांवरून आपली जीभ एका दमात पुढे सरकते. श्रीमत् शंकराचार्यांनी मात्र आपल्या भाष्यात या दोहोंत स्पष्ट भेद केला आहे. जो कोणाचाच पक्ष घेत नाही तो उदासीन. परस्परविरुद्ध अशा दोघांचेही जो हित इच्छितो तो मध्यस्थ. हा भेद व्यवहारात किती खोल जातो, हे दाखवणारे एक उदाहरण आज वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. ते दूरदेशीचे आहे आणि एका ख्रिस्ती मिशनच्या कार्यातले आहे.

'मिशन' हा शब्द ऐकताच आपल्या घरांत कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. सेवेच्या आडून धर्मांतर, ही शंका अगदीच निराधार नाही. परसत्तेच्या छायेत वाढलेल्या अनेक मिशनांनी ती आपल्या वर्तनाने ओढवून घेतली. तथापि प्रत्येक कार्य त्याच्या स्वतःच्या आचरणावरून तोलावे, हाच न्याय होय.

ख्रिस्ती धर्मात मेनोनाइट नावाचा एक लहानसा पंथ आहे. सोळाव्या शतकातील डच धर्मोपदेशक मेनो सायमन्स यांच्यावरून हे नाव पडले. शस्त्र हाती न धरणे हे या पंथाचे व्रत. १८९९ मध्ये दुष्काळाने गांजलेल्या आपल्या मध्य प्रांतात, धमतरी येथे, या पंथाचे अमेरिकी लोक आले होते. पुढे १९२० मध्ये 'मेनोनाइट सेंट्रल कमिटी' ही त्यांची मदतसंस्था स्थापन झाली. या संस्थेच्या वतीने १९८० च्या दशकात जॉन पॉल लेडेराख हे अमेरिकी गृहस्थ सहकुटुंब मध्य अमेरिकेत राहावयास गेले.

त्या काळी निकाराग्वा देश युद्धाने पोळला होता. १९७९ मध्ये सँडिनिस्टा क्रांतिकारक सत्तेवर आले. पूर्व किनाऱ्यावरील मिस्कितो या आदिवासींची भाषा निराळी, परंपरा निराळी. १९८२ च्या आरंभी सरकारने कोको नदीकाठची त्यांची गावे उठवली. हजारो लोक नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेले आणि तरुणांनी बंदुका उचलल्या. येथे धर्मांतराचा प्रश्नच नव्हता. मिस्कितो लोक मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती होते, आणि देशाचा बहुसंख्य समाज कॅथलिक.

लेडेराख शिकून आले होते ते उत्तर अमेरिकेतील मध्यस्थीचे शास्त्र. मध्यस्थ तिऱ्हाईत असावा, कोणाशी नाते नसावे, ठरल्या वेळी टेबलापाशी बसावे आणि काम संपताच निघून जावे, अशी त्याची रीत. शेजारच्या कोस्टा रिकात लोकांत मिसळताना त्यांच्या ध्यानात आले की, तंट्यासाठी पुस्तकातला स्पॅनिश शब्द हे लोक सहसा वापरीतच नाहीत. ते म्हणतात 'एनरेदो', म्हणजे गुंता. त्याच्या पोटात 'रेद' हा शब्द आहे, म्हणजे कोळ्याचे जाळे. गुंतलेले जाळे कोणी कापीत नाही. ते गाठीगाठीने सोडवावे लागते. तंटा मिटवण्यासाठी हे लोक तिऱ्हाइताकडे जात नाहीत. ज्याच्यावर विश्वास आहे अशा आपल्याच माणसाकडे जातात. परक्या भाषेत चाचपडत राहिल्यावाचून हे कळले नसते. परदेशी राहण्याची खरी तपश्चर्या हवापाण्याची वा अन्नाची नव्हे. जे आपल्याला येते असे वाटत होते, ते पुन्हा विद्यार्थी होऊन शिकण्याची ती आहे.

म्हणूनच निकाराग्वातील समेटाच्या कामी पुढे राहिले ते स्थानिक मोरेव्हियन धर्मनेते आणि गुस्तावो पाराहोन हे त्याच देशाचे बाप्टिस्ट डॉक्टर. लेडेराख त्यांच्या पाठीशी साहाय्यक म्हणून उभे राहिले. निर्वासित पुढारी गावोगाव परतू लागले तेव्हा प्रत्येक सभेच्या आरंभी हे स्थानिक धर्मनेते बायबलातील ८५ वे स्तोत्र वाचीत. सत्य, दया, न्याय आणि शांती ही चौघे जणू माणसे असून एकमेकांस भेटत आहेत, अशी त्यातील कल्पना. शांती एकटी येत नाही, उरलेल्या तिघांना बरोबर घेऊनच येते, हे तात्पर्य कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावे.

या कार्याची किंमतही मोजावी लागली. लेडेराख यांच्या लहान मुलीला पळवून नेण्याचा कट असल्याचा इशारा त्यांना मिळाला. उदासीनाच्या लेकरावर असा प्रसंग येत नाही. मधोमध उभा राहणारा दोन्हीकडून मारा सोसतो. त्यातही एक गोष्ट विसरता येणार नाही. परदेशी साहाय्यकाला परतावयास स्वतःचा देश असतो. स्थानिक मध्यस्थाला जायला दुसरी जागाच नसते. म्हणून पहिला मान त्या स्थानिकांचा.

यश ताबडतोब आले नाही. १९८८ मधील बोलणी पूर्ण करारापर्यंत पोचली नाहीत. प्रमुख नेत्यांना १९८९ मध्ये मायदेशी परतता आले. पण बोलण्याचा धागा कोणीतरी धरून ठेवला होता, म्हणूनच तो पुढे जोडता आला.

माझे म्हणणे इतकेच. परक्या देशात शांतीसाठी गेलेल्या कोणाचीही, मग तो कोणत्याही धर्माचा असो, परीक्षा एकाच प्रश्नाने करावी: तो शिकवावयास आला की शिकावयास? जो शिकला, ज्याने तेथील माणसांना पुढे केले आणि दोघांचेही हित इच्छिले, त्याला 'मध्यस्थ' हे गीतेतील नाव देण्यास आपण संकोच करू नये. आणि आपल्या वाड्यात, भाऊबंदकीत, गावच्या तंट्यात 'आम्हांला काय त्याचे' म्हणून बाजूला राहणाऱ्यांनी आज पाठ करताना स्वतःला विचारावे की, या दोन शब्दांपैकी आपला शब्द कोणता?