जुन्या गाण्याला निम्मे माप का?

17 जून 2022 रोजी केट बुश यांचे 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर पहिले आले. गाणे 1985 च्या ऑगस्टमधले. तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबले होते. पहिल्या क्रमांकाला यायला 37 वर्षे लागली. त्या चार्टवर इतका उशीर आधी कुठल्याच गाण्याला झाला नव्हता. अमेरिकेत तेव्हा तिसाव्या क्रमांकावर अडलेले गाणे यावेळी तिसरे आले. नेटफ्लिक्सच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत मॅक्स नावाच्या मुलीचा जीव या गाण्यामुळे वाचतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

मला बोलायचे आहे ते आदल्या आठवड्याबद्दल. त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त स्ट्रीम झालेले गाणे हेच होते, तरी चार्टवर ते दुसरे राहिले. वर होते हॅरी स्टाइल्स यांचे 'ॲज इट वॉज'. कारण मोजणीचा नियम. नव्या गाण्याच्या 100 सशुल्क स्ट्रीमची एक विक्री धरतात, जुन्याच्या मात्र 200 ची. बुश यांच्या गाण्याला पुढच्या आठवड्यात यातून सूट मिळाली आणि ते लगेच वर गेले. सूट मिळाली म्हणून सगळे खूश झाले. मला तो नियमच अन्यायाचा वाटतो. ज्या जुन्या गाण्यामागे एवढी गाजलेली मालिका नाही, त्याच्यासाठी कोण सूट मागणार?

मी मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून गाण्यामागची मेहनत मला ठाऊक आहे. इथे स्टुडिओचे भाडे शिफ्टवर चालते. शिफ्ट संपत आली की गायकाला 'चालेल, पुढे जाऊ' म्हणावे लागते, आणि तो टेक पुढे कायम कानाला टोचत राहतो. 1982 च्या 'द ड्रीमिंग' अल्बमसाठी बुश यांनीही लंडनचे महागडे स्टुडिओ भाड्याने घेतले होते. खर्च फार झाला, खप बेताचा. मग त्यांनी आई-वडिलांच्या घराजवळच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. तिथे भाड्याचा काटा फिरत नव्हता. त्यांचे साथीदार डेल पामर यांनी लिनड्रम या ताल-यंत्रावर बसवलेला ताल, बुश यांनी फेअरलाइट सिंथेसायझरवर शोधलेली ती सुरावट, असा कच्च्या मुद्रणातला ऐवज पक्क्या गाण्याचा पाया झाला. हेडफोनवर नीट ऐका. तळाशी एक सूर तानपुऱ्यासारखा धरून ठेवला आहे आणि त्यावर ताल दौडतो. घाई कुठेही ऐकू येत नाही. एवढ्या निगुतीने केलेल्या कामाची किंमत वर्षे उलटली म्हणून निम्मी होते, हे मला पटत नाही.

नियमाची बाजू मला माहीत आहे. 2017 च्या मार्चमध्ये एड शीरन यांची 16 गाणी एकाच वेळी पहिल्या विसांत होती, आणि त्याच वर्षी हे माप आले. स्ट्रीमिंगमध्ये एकच गाणे महिनोन्‌महिने ठाण मांडते, नव्या मुलांना जागा मिळत नाही, ही अडचण खरीच आहे. हातात एकच गाणे घेऊन आलेली मुले स्टुडिओत माझ्यासमोर बसतात, त्यामुळे या अडचणीची धग मला कळते. पण त्यासाठी मापात खोट का ठेवायची? 2022 साली पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या मुलीने हे गाणे पहिल्यांदा ऐकले, तिच्या दृष्टीने ते त्या दिवशीचे नवे गाणे होते. तिचे ऐकणे अर्धे कसे?

नव्या गाण्यांची वेगळी यादी काढा, तिला रेडिओवर हक्काची वेळ द्या, तिची जाहिरात करा. मुख्य चार्टमध्ये मात्र लोकांनी जे ऐकले ते पुरते मोजा, गाणे कोणत्याही सालचे असो.